जपानमध्ये घर मांडताय? भूकंप आणि ज्वालामुखींच्या शेजारी राहण्याची तयारी

टोकियोत नोकरीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांचे प्रश्न ठरलेले असतात. तूरडाळ कुठे मिळते, मुलांना कोणत्या शाळेत घालायचं, निशी-कासाईत परवडणारं घर मिळेल का. भूकंपाचा विषय निघतो तो बहुतेक वेळा पहिला हादरा बसल्यावर. तो घराची किल्ली हातात घेण्याआधी निघायला हवा, कारण भूकंपातली निम्मी सुरक्षितता घर निवडतानाच ठरून जाते.

मजबूत इमारती बांधणं आणि वेळेवर इशारा देणं, ही दोन कामं जपानने फार मेहनतीने केली आहेत. राहिलेलं काम आपल्या चार भिंतींच्या आत असतं: पलंगाच्या डोक्याशी कोणतं कपाट आहे, पाणी किती साठवलंय, शाळेतून मुलाला कोण आणणार. ते आपल्यासाठी दुसरं कोणी करत नाही. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

पहिली पायरी: आकडे वाचायला शिका

भारतात आपण ‘इतक्या रिश्टर स्केलचा धक्का’ अशी बातमी वाचतो. तो आकडा, म्हणजे भूकंपाची तीव्रता, मुळाशी किती ऊर्जा सुटली ते सांगतो. एका भूकंपाला असा एकच आकडा असतो आणि तो एकने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. जपानी टीव्हीवर मात्र आधी दिसतो तो ‘शिंदो’, म्हणजे तुम्ही उभे आहात तिथे जमीन किती हलली त्याचं माप. एकाच भूकंपाचा शिंदो सेंदाईत ६, टोकियोत ४ आणि ओसाकात १ असू शकतो.

शिंदो ० ते ७ असतो. त्यात ५ आणि ६ चे ‘जाकु’ म्हणजे खालचा आणि ‘क्यो’ म्हणजे वरचा असे दोन-दोन भाग पडतात, म्हणून एकूण पातळ्या दहा होतात. ३ ला घरातल्या बहुतेकांना हादरा जाणवतो. ४ ला लटकते दिवे जोरात झुलतात आणि झोपलेली माणसं जागी होतात. ५ जाकुला मांडणीवरची भांडी-पुस्तकं खाली येऊ लागतात, ५ क्योला आधाराशिवाय चालणं कठीण होतं आणि न बांधलेलं कपाट पडू शकतं. ६ जाकुला उभं राहणं अवघड होतं, दार चौकटीत अडकू शकतं. त्यापुढे माणसाला रांगावंच लागतं. नव्या माणसाने एवढं ध्यानात ठेवावं: ४ पर्यंत शांत बसून बातम्या बघा, ५ पासून तुमची तयारी कामाला येते.

इथे इतके भूकंप का होतात, याचं उत्तर नकाशात आहे. जपानखाली चार भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकते तुकडे, एकमेकांना भिडतात. त्यांतला पॅसिफिक भूपट्ट वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर पश्चिमेकडे सरकत जपानच्या खाली बुडतो. वरचा भूपट्ट त्याच्याबरोबर ओढला जातो, ताण साठत जातो आणि एक दिवस तो सुटतो. ११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी असाच साठलेला ताण सुटला, ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली.

आता आपल्याकडची एक तारीख आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. तीव्रता सुमारे ६.२. एवढे भूकंप जपानच्या आसपास दरवर्षी होतात आणि त्यांतले कित्येक कोणाचाही जीव न घेता जातात. लातूर-धाराशिवच्या त्या गावांमध्ये सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंप उथळ होता, वेळ गाढ झोपेची होती आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यावर मातीचं जड धाबं, सगळं अंगावर आलं. माणसं गेली ती घराखाली सापडून. म्हणून पुढची पायरी घराची.

दुसरी पायरी: घर बघताना काय विचाराल

इमारतीचं वय विचारा. १ जून १९८१ पासून जपानमध्ये बांधकामाचे नवे भूकंपरोधक नियम लागू झाले. त्यांना ‘शिन-ताइशिन’ म्हणतात. या तारखेनंतर बांधकामाची मंजुरी मिळालेली इमारत हवी. इमारत उभी राहायला वेळ लागतो, त्यामुळे १९८३ नंतर पूर्ण झालेली धरली तर शंका उरत नाही. लाकडी घर असेल तर २००० नंतरचं बघा, त्या वर्षी लाकडी घरांचे नियम आणखी कडक झाले. जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. त्यांतली बहुतेक जुनी घरं कोसळून आणि सामानाखाली दबून गेली. स्वस्त भाड्याच्या मोहात १९७५ चं घर घेऊ नका. इतर कितीही तडजोडी करा, ही करू नका.

मग जमीन. टोकियो उपसागराच्या कडेला भराव घालून केलेली बरीच जमीन आहे. अशी ओली, वाळूसारखी जमीन जोरात हलली की चिखलासारखी वागू लागते. २०११ मध्ये चिबा जिल्ह्यातल्या उरायासु शहरात असंच झालं. मॅनहोल जमिनीतून वर आले, घरं कलली, सांडपाण्याच्या नळ्या फुटल्या. इमारती उभ्या होत्या, पण संडास वापरता येत नव्हता. एदोगावा वॉर्डात, जिथे आपले लोक मोठ्या संख्येने राहतात, बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि तिथे पुराचा धोकाही तितकाच खरा आहे. प्रत्येक वॉर्ड ‘हझार्ड मॅप’, म्हणजे धोक्याचे नकाशे, काढतो. घर दाखवणाऱ्या एजंटने करार करताना त्या घराची पुराच्या नकाशावरची जागा दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. जमीन पातळ होण्याचा नकाशा मात्र तुम्ही स्वतः मागून घ्या.

मजल्याबद्दल माझं मत: नव्या, भक्कम इमारतीचा तिसरा ते सहावा मजला लहान मुलांच्या घराला उत्तम. उंच टॉवर कोसळत नाहीत, पण दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटांनी खूप वेळ झुलत राहतात. २०११ मध्ये शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ओसाकातली एक उंच सरकारी इमारतसुद्धा झुलली होती. लिफ्ट बंद पडली की पंचविसाव्या मजल्यावर पाणी वाहून न्यायचं म्हणजे काय, याचा विचार करूनच सही करा.

तिसरी पायरी: पहिल्याच शनिवार-रविवारी घर बांधून घ्या

आधी झोपायची जागा. पलंगावर किंवा फुतोनवर (जमिनीवर घालायच्या गादीवर) पडेल असं काहीही जवळ नको. कपाट, पुस्तकांची मांडणी, टीव्ही, भिंतीवरची जड तसबीर, काहीच नको. शक्य असेल तर झोपायच्या खोलीत उंच फर्निचर ठेवूच नका. इतर खोल्यांत ठेवाल तेव्हा दार अडवेल अशा दिशेने ते पडणार नाही ना, हे बघा.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नाहीत, ही अडचण सगळ्यांची. त्यासाठी होम सेंटरमध्ये, म्हणजे घरसामानाच्या मोठ्या दुकानात, ‘त्सुप्पारी-बो’ मिळतात: कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये घट्ट बसवायचे दांडे. ते भिंतीच्या बाजूला, मागे बसवा आणि कपाटाच्या पुढच्या पायांखाली पाचर सरकवा, म्हणजे कपाट भिंतीकडे रेललेलं राहतं. एकटा दांडा पुरत नाही, दोन्ही हवेत. टीव्ही आणि मायक्रोवेव्हखाली चिकट जेलच्या चकत्या लावा. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटांना खटके लावा.

आपल्या घरांतलं काही इथल्या माहितीपत्रकात सापडत नाही. पितळेची पातेली, कुकर, मिक्सर, लोखंडी तवा, खलबत्ता, हे सगळं कमरेखालच्या कपाटात. देवघर भिंतीवर उंच लावलं असेल तर खाली आणा आणि मूर्तींखालीही जेलची चकती लावा. समई किंवा निरांजन तेवत ठेवून खोली सोडू नका. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी १२ ला दोन मिनिटं कमी असताना कांतो भूकंप झाला, घरोघरी चुली पेटलेल्या होत्या आणि गेलेल्या सुमारे १ लाख ५ हजार माणसांपैकी बहुतेक आगीत गेली. इथले लोक ही गोष्ट शंभर वर्षांनंतरही विसरलेले नाहीत.

उशाशी दोन वस्तू कायम: जाड तळव्याचे बूट आणि टॉर्च. अंधारात काचांवरून अनवाणी चालताना पाय कापला तर पुढचं सगळं अवघड होतं.

साठ्याचा हिशेब असा. पाणी माणशी दिवसाला ३ लिटर, किमान तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं. चौघांच्या घराला आठवड्याला ८४ लिटर लागतं, म्हणजे दोन लिटरच्या ४२ बाटल्या. थोड्या पलंगाखाली, थोड्या कपाटात अशा विखरून ठेवा. त्याइतकंच महत्त्वाचं, आणि सगळे विसरतात ते: संडासाच्या पिशव्या. कमोडमध्ये घालायची पिशवी आणि घट्ट करणारी पावडर असा संच मिळतो. माणशी दिवसाला पाच धरा.

खाण्यात आपली सोय आपणच बघायची. आसरा केंद्रात मिळणारं अन्न चांगल्या मनाने दिलेलं असतं, पण ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यात, बऱ्याचदा मासा असतो, सुपात माशाचं पाणी असतं. शाकाहारी घराने हे गृहीत धरून साठवावं. गार पाणी घालून तासाभरात तयार होणारा ‘अल्फा भात’ इथे सगळीकडे मिळतो. त्यावर मेतकूट आणि चमचाभर तूप घातलं की लहान मुलंही मुकाट्याने जेवतात. पातळ पोहे पाणी शिंपडून मऊ होतात. सातूचं पीठ, चिक्की, भाजलेले दाणे, पाकीटबंद डाळी, खाकरे ठेवा. डब्याएवढ्या छोट्या गॅस सिलिंडरवर चालणारी ‘कासेत्तो कोन्रो’ शेगडी आणि तिचे जादा डबे ठेवा. हा साठा फडताळात कोंडून ठेवायचा नाही. खात जायचं आणि खाल्लं तेवढं पुन्हा आणायचं.

चौथी पायरी: फोन आणि माणसं

तुमचा फोन एक दिवस कर्कश आवाज करून ‘जिशिन देसु’, म्हणजे ‘भूकंप आहे’, म्हणेल. भूकंपाच्या दोन लाटा असतात: पहिली वेगवान पण सौम्य, दुसरी सावकाश पण विध्वंसक. यंत्रं पहिली लाट पकडतात आणि दुसरी पोचण्याआधी इशारा सुटतो. २००७ पासून तो सर्वसामान्यांना मिळतो. हातात काही सेकंद येतात, कधी वीस-तीस. केंद्र जवळ असेल तर हादरा आधी आणि इशारा नंतर, असंही होतं. ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप इंग्रजीत इशारे देतं, ते उतरवून घ्या.

संध्याकाळी वॉर्डाच्या भोंग्यांवर रोज एक धून वाजते. मुलांना घरी जायची वेळ कळावी म्हणून ती आहेच, शिवाय आपत्तीत सूचना देणारे भोंगे चालू आहेत ना याची ती रोजची तपासणी असते.

मोठ्या भूकंपानंतर फोन लागत नाहीत. १७१ हा निरोप ठेवण्याचा क्रमांक आहे. घरच्या फोन नंबरवर आवाजात निरोप ठेवता येतो आणि तो नंबर माहीत असलेल्याला ऐकता येतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला तो सरावासाठी खुला असतो, एकदा करून बघा. पाकिटात १० आणि १०० येनची नाणी ठेवा, सार्वजनिक फोन तीच घेतात. आपत्तीत पाच शून्यं आणि पुढे जपान अशा नावाचं मोफत वायफाय सुरू होतं. भारतातल्या घरी एकच माणूस ठरवा, धाकटा भाऊ, वहिनी, कोणीही. तुम्ही ‘ठीक आहोत’ एवढं त्यांना कळवायचं आणि बाकीच्या गोतावळ्याला त्यांनी. आई-बाबा टीव्हीवर बातमी बघून दहा जणांना फोन करायला लावतात, तेव्हा ही आधीची बोलणी सगळ्यांचा जीव हलका करते.

आणि शाळा. भूकंपानंतर शाळा मुलाला फक्त नोंद केलेल्या माणसाच्या हाती देते. ‘हिकिवाताशी’ कार्डावर आई-वडिलांखेरीज एक नाव जवळ राहणाऱ्या आणि चालत शाळेत पोचू शकेल अशा माणसाचं लिहा. दोघंही नदीपलीकडे शिनागावाला ऑफिसात असाल तर ते नावच उपयोगी पडेल.

हलायला लागल्यावर

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाचे पाय आपोआप दाराकडे वळतात. दगड-मातीच्या घरात ते बरोबरही असेल, पण इथे धावू नका. बाहेर काच, पाट्या, कौलं आणि विटांच्या भिंती पडतात. जून २०१८ मध्ये ओसाकाच्या भूकंपात शाळेची कुंपणभिंत पडून रस्त्याने चाललेली नऊ वर्षांची मुलगी गेली, इमारत मात्र उभी होती. टेबलाखाली शिरा, पाय घट्ट धरा, डोकं झाका. गॅसकडे धाव घेऊ नका, शिंदो ५ च्या सुमाराला मीटर स्वतः गॅस बंद करतो. लिफ्टमध्ये असाल तर सगळी बटणं दाबा आणि थांबेल तिथे उतरा.

कामाकुरा, एनोशिमा किंवा इझूच्या किनाऱ्यावर असाल तर नियम वेगळा. हादरा जोराचा किंवा खूप वेळ चालणारा वाटला की इशाऱ्याची वाट न बघता उंचावर चढा. किनाऱ्यावर लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा फडकवलेला दिसला तर तो त्सुनामीचा इशारा आहे.

थांबल्यानंतर

दार उघडून ठेवा. गॅसचा वास नाही ना ते बघा. घर सोडून जायचं असेल तर विजेचा मुख्य खटका पाडा. कोबेमध्ये वीज परत आल्यावर पडलेल्या हीटरांनी आगी लावल्या होत्या. गॅस परत सुरू करायला मीटरवरचं बटण दाबा, तीन मिनिटं थांबा, लुकलुकणारा लाल दिवा विझला की झालं. इमारतीच्या नळ्या तपासल्याशिवाय संडासात पाणी सोडू नका, खालच्या मजल्यावर ते वर येऊ शकतं.

‘मोठा होऊन गेला, आता बारीकसारीक’ असं समजू नका. एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोत १४ तारखेला ६.५ चा भूकंप झाला. १६ तारखेला त्याहून मोठा, ७.३ चा आला. दोन्ही वेळा शिंदो ७ होता. पहिल्यानंतर घरी परतलेली माणसं दुसऱ्यात सापडली.

‘हिनान-बाशो’ म्हणजे तात्पुरता जीव वाचवायची मोकळी जागा, ‘हिनान्जो’ म्हणजे राहायचं आसरा केंद्र, बहुधा जवळची सरकारी शाळा. घर शाबूत असेल तर घरीच राहणं उत्तम. ऑफिसात असाल तर तिथेच थांबा. २०११ मध्ये टोकियो परिसरात सुमारे ५० लाख माणसं घरी पोचू शकली नाहीत. रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरले तर अग्निशमन आणि रुग्णवाहिका अडकतात, म्हणून टोकियोच्या नियमात कंपन्यांना कर्मचाऱ्यांना तीन दिवस ठेवून घेण्याची आणि तेवढा साठा करण्याची सूचना आहे. तुमच्या ऑफिसात तो कुठे आहे, हे विचारून ठेवा.

ज्वालामुखी: डोंगरावर जाण्याआधी

खाली बुडणारा भूपट्ट समुद्राचं पाणी खोल घेऊन जातो. साधारण शंभर किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटतं, त्याने वरचा खडक कमी तापमानाला वितळतो आणि तो रस वर येतो. म्हणून जपानचे १११ जागृत ज्वालामुखी भूपट्टाच्या सीमेला समांतर रांगेत उभे आहेत. आपला सह्याद्रीसुद्धा ज्वालामुखीच्याच लाव्ह्याचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तो थरावर थर पसरला आणि थंड होऊन काळा कातळ झाला. जपानमधल्या बऱ्याच ज्वालामुखींचा रस मात्र जास्त चिकट आणि वायूने भरलेला असतो, म्हणून ते स्फोट करून फुटतात. गिर्यारोहणाची सह्याद्रीतली सवय घेऊन इथे येणाऱ्यांनी हा फरक मनात पक्का ठेवावा.

हवामान खातं ज्वालामुखींना १ ते ५ पातळ्या देतं. २ म्हणजे विवराजवळ जाऊ नका, ३ म्हणजे डोंगरावर जाऊ नका, ४ ला वृद्ध आणि आजारी यांनी निघायचं, ५ ला सगळ्यांनी. यांतली १ फार फसवी. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, दुपारी १२ ला आठ मिनिटं कमी. ओंताके पर्वताच्या माथ्यावर शरदातले रंग बघायला आलेली माणसं डबे उघडून बसली होती. पातळी १ होती, तेव्हा तिला ‘सामान्य’ म्हणत. तापलेल्या पाण्याच्या वाफेने डोंगर फुटला आणि ५८ माणसं गेली, पाच सापडलीच नाहीत. त्यानंतर ‘सामान्य’ हा शब्द काढून ‘जागृत ज्वालामुखी असल्याचं ध्यानात ठेवा’ असा बदल केला गेला. म्हणून पातळी १ असली तरी हेल्मेट न्या, चढाईची नोंद म्हणजे ‘तोझान तोदोके’ भरा, माथ्यावर रेंगाळू नका आणि वाटेतले दगडी-काँक्रीटचे आडोसे कुठे आहेत ते चढतानाच बघून ठेवा. हाकोनेच्या ओवाकुदानीला काळी अंडी खायला सगळेच जातात. २०१५ मध्ये तिथली पातळी ३ पर्यंत गेली होती आणि रोपवे बंद होता, तेव्हा निघण्याआधी पातळी बघा. दमा असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तिथल्या गंधकाच्या वायूजवळ जाऊ नये.

फुजी शेवटचा १७०७ च्या डिसेंबरमध्ये फुटला, एका प्रचंड भूकंपानंतर ४९ दिवसांनी. राख शंभर किलोमीटरवरच्या एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत पडली. ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते. ती काचेसारख्या टोकदार खडकाची भुकटी असते, पाण्यात विरघळत नाही आणि भिजली की जड होते. रुळांवर अगदी पातळ थर बसला तरी गाड्या थांबतात. तेव्हा भूकंपाच्या साठ्यात गॉगल आणि चांगले मास्क घालून ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा आणि राख पाण्याने गटारात ढकलू नका, ती तिथे घट्ट बसते.

राखेसोबत रोज कसं राहतात ते बघायचं तर क्यूशूत कागोशिमाला जा. खाडीपलीकडचा साकुराजिमा वर्षभर धुमसत असतो. हवामानाच्या अंदाजात त्याच्या माथ्यावरच्या वाऱ्याची दिशा सांगतात, म्हणजे धुणं कुठल्या दिवशी बाहेर वाळत घालायचं ते ठरतं. राख भरायला पालिका पिवळ्या पिशव्या देते आणि त्या उचलून नेते. त्याच मातीत जगातले सर्वांत मोठे मुळे पिकतात. साकुराजिमावर एका शाळेच्या आवारात १९१४ च्या उद्रेकाचा स्मृतिस्तंभ आहे. तेव्हा लोकांनी चिन्हं बघून वेधशाळेला विचारलं होतं, उद्रेक होणार नाही असं उत्तर आलं आणि थांबलेली माणसं सापडली. स्तंभावर पुढच्या पिढ्यांना सांगितलंय की विचित्र काही दिसलं तर सिद्धांतावर विसंबू नका, आधी निघा.

सरावाला जा

१ सप्टेंबरच्या आसपास प्रत्येक वॉर्डात सराव होतो. भाषा येत नाही म्हणून मागे राहू नका. अग्निशामक नळी धरायला, कंपन-गाडीत बसून शिंदो ७ अनुभवायला भाषा लागत नाही, आणि त्या दिवशी गल्लीतली म्हातारी माणसं तुमचा चेहरा ओळखू लागतात. कोबेमध्ये ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. सप्टेंबर दूर असेल तर किंशिचोजवळच्या होंजो आपत्ती प्रशिक्षण केंद्रात किंवा आरिआकेच्या ‘सोना एरिया’त मुलांना घेऊन जा. दोन्ही मोफत आहेत, अर्धा दिवस पुरतो.